साबणावरचा ठसा

दहीपुलाच्या उतारावर माझं दुकान.
दुकान म्हणजे छत्री, कानस, पत्र्याची पेटी
आणि तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या,
अजून दात न आलेल्या.

तस्नीम आडगावच्या कॉलेजातून येते,
पेटीवर बसते, म्हणते,
अब्बा, समज तू शंभर कुलपं केलीस, सगळी उघडी,
आणि वाटून टाकलीस गावभर,
सराफ बाजारात, भद्रकालीत, पार नाशिकरोडपर्यंत.
ज्याला तुला काही पाठवायचंय
तो डब्यात ठेवतो, तुझं कुलूप दाबतो. खट्.
आता ते त्याचं त्यालाही उघडत नाही.
किल्ली एकच. तुझ्या खिशात.
ती कधी घराबाहेर पडलीच नाही.

आणि कुलूप आतून कसं आहे ते कुणी खोलून पाहिलं तर?
पाहू दे, म्हणाली.
हे मात्र मला आधीपासून ठाऊक होतं:
रचना लपवून जो धंदा करतो
तो कच्चा कारागीर.

मग माझ्या बिलबुकाच्या पाठीवर तिने आकडे मांडले.
दोन मोठ्या मूळ संख्या. गुणणं सोपं.
गुणाकारातून त्या दोघी परत शोधायच्या, तर जन्म जाईल.
रामकुंडावर अरुणा गोदेत मिसळते ना,
आता एक तांब्या भर आणि सांग
यातली अरुणा कुठली.

मी कानस चालवत राहिलो.
आठवला तो साबण,
लाल, अर्धा झिजलेला, रुमालात गुंडाळलेला,
त्यावर किल्लीचा ठसा, खोल, ओला.
माणूस म्हणाला, बहिणीच्या पेटीची आहे, हरवली.
पाऊण तासात करून दिली. वीस रुपये.
आठवड्याने ती बहीण आली,
कुलूप पुढ्यात ठेवलं:
काका, हे फुटलंय का बघा.
कुठे ओरखडा नव्हता. सातही लिव्हर शाबूत.
फक्त आत, भोकाच्या कडेला,
माझ्याच कानशीची पितळी भुकटी.
मी म्हटलं, कुलूप चांगलं आहे.
ती ते न घेताच गेली.

तस्नीमला यातलं काही सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो,
कुलूप नाही गं फुटत. माणूस फुटतो.
ती हसली. परीक्षेत हेच लिहिते, म्हणाली.

मग माझ्या मोबाइलला पासवर्ड घालायला लावला.
मी जुळवला, मनात दोनदा घोकला,
आणि सवयीने तिला सांगायला गेलो, तर
तिने दोन्ही कानांवर
हात ठेवले.