मागील पानावरून पुढे

आमच्याकडे माणसं पुढल्या वर्षाचे बेत
विकत घेतात, अंगठ्याएवढे.
चोवीस जानेवारीला, बाराच्या ठोक्याला,
एल आल्तोहून आम्ही खाली ला पाझच्या जत्रेत उतरतो.
ज्याला ट्रक हवा तो ट्रक घेतो, जिला दुकान हवं ती दुकान,
पदवीसुद्धा मिळते, काडेपेटीत मावणारी, सहीशिक्क्यासकट.
यातिरी त्यावर धूप फिरवतो, पाकळ्या उधळतो,
आणि मग वर्षभरात ती वस्तू मोठी व्हायची असते.

माझी आई, बासिलिया तिकोना, ट्रक करते.
प्लास्टरचे, लाल टपाचे, मागे नंबराची पाटी.
कुणा ड्रायव्हरचं आयुष्यभराचं घोडं
तिच्या हिशेबी अडीच इंच लांब, पाच बोलिव्हियानो.

तिचं स्वतःचं सगळं वहीत असतं.
वही मी लिहिते. आईला आकडे येतात, अक्षरं येत नाहीत.
ऑगस्ट लागला की ती सांगते, मी मांडते:
रोज चार, रविवारी सहा,
चोवीस आठवडे,
वीस फुटतील असं धरून सातशे.
प्लास्टर बारा पोती. तीन पोती उधार.
जानेवारीत पाऊस, रंग वाळत नाही,
तेव्हा सगळं नाताळाच्या आत.
मग ती थोडं थांबते, चहा फुंकते,
आणि म्हणते, आता शेवटचं पान.
शेवटच्या पानावर मी दर साली तेच लिहिते:
झेनोनशी बोलायचं.
वर कोपऱ्यात, हिशेबाच्या रीतीनं,
मागील पानावरून पुढे.

झेनोन माझा मामा.
आजोबा गेले तेव्हा दोनच साचे होते,
ट्रकचा आणि घराचा.
कोण काय म्हणालं ते मला कुणी सांगत नाही.
अकरा वर्षं तो आमच्यापासून चौथ्या पालाखाली घरं विकतो,
आणि गिऱ्हाईक आईचा ट्रक घेऊन
त्याच्या घरापुढे उभा करून बघतं,
शोभतो का.
"आलासिता!" तो ओरडतो,
आयमारात त्याचा अर्थ, माझ्याकडून घे.
आई टपांना लाल रंग देत राहते.

यंदा नवी वही आणली तर म्हणाली,
शेवटचं पान कोरं सोड.
मी सोडलं.
डिसेंबरात प्लास्टरची उधारी शोधताना ते उघडलं.
पेन्सिलीनं, रेघ सोडून, चढावर चढल्यासारखं:
सेनोन शी बोला यच.
ऐकू येतं तसंच लिहिलेलं, शाळेतलं नाही.
दर बुधवारी ती सिमेंटचा भाव काढायला जायची.
चार महिने सिमेंट कसं ठरत नाही, असं मला वाटायचं.
त्या शिकवणीचा खर्च वहीत कुठेच नाही.

चोवीस तारखेला पाऊस होताच.
बारा वाजता धूर इतका झाला की चर्च दिसेना.
चार वाजेपर्यंत सहाशे अडुसष्ट गेले.
आईनं हात घागऱ्याला पुसले,
टोपी सरळ केली,
आणि तीन पालं ओलांडून उभी राहिली.
मी मागोमाग गेले, सुटे पैसे घेऊन.

"केवढ्याला घर?"
मामानं वर पाहिलं. बराच वेळ.
"दहा."
"खिडकीचा रंग गेलाय."
"नऊ."
"शेजारी सातला देतात."
"शेजाऱ्याचं छप्पर बघ आधी."
आठवर तुटलं.
त्यानं कागदात गुंडाळलं, नेहमीपेक्षा जास्त कागदात.

रात्री आम्ही बत्तीस ट्रक परत खोक्यात भरले,
गवत घालून, एकेक.
मी वही काढली. खर्च: घर, एक, आठ बोलिव्हियानो.
मग शेवटचं पान उलटून विचारलं,
हे झालं धरू का? खूण करू?

आई घराची खिडकी नखानं खरवडत होती.
"भाव केला नुसता," ती म्हणाली.
"बोलणं पुढच्या पानावर घे.
आण इकडे, मी लिहिते."