मास्तर, आज कोणता?

लढाई कुठवर आली हे
साखर पेठेतल्या आमच्या चाळीत पेपरवरून कळत नसे.
नायनांच्या हातांवरून कळायचं.

गिरणीत रंगखात्यात होते नायना, रात्रपाळीला.
पहाटेचा भोंगा झाला की यायचे,
ओट्यावर बसून हात पुढे करायचे,
मी तांब्याने पाणी घालायची.
मोरीत जाताना पाणी खाकी असलं
तर लढाई इटलीत.
हिरवं असलं तर ब्रह्मदेशात.
एवढाच भूगोल आला मला सातव्या वर्षी,
अजून त्यापुढे फारसा गेला नाही.

शेजारच्या सारजाबाई दाराशी उभ्या असायच्या.
लुगड्याला सात गाठी. गावभर माग रात्रंदिवस खडखडत
आणि कापड रेशनवर, तेही मिळेल तेव्हा.
त्यांचा तुळशिराम मराठा पलटणीत, इटलीत.
"मास्तर, आज कोणता?"
"खाकीच, बाई."
मग त्या आत जाऊन चूल पेटवायच्या.
खाकी म्हणजे पोराला अंगभर कापड लागतंय,
म्हणजे अंग आहे.

चैत्रात त्याचं पत्र आलं, निम्मं काळ्या शाईने पुसलेलं.
उरलं ते एवढं:
इथे एक नदी आहे, आपल्या सीनेएवढी,
नावही तसंच काहीसं.
(शाई लावणाऱ्याला सीना ठाऊक नसावी.)
दोन्ही काठांना उंच बांध. अलीकडे आम्ही, पलीकडे ते,
आणि बांधाच्या पोटात बिळं करून
दोघंही.

मे महिन्यात एका पहाटे
नायनांच्या हातांवरून नुसतं पाणी गेलं.
"खाकी बंद," म्हणाले.
सारजाबाईंनी चाळभर गूळ वाटला, महिन्याचा सगळा.
कचेरीवर दिवे लागले होते म्हणे.
आम्ही गेलो नाही बघायला;
तीस सालच्या मार्शल लॉपासून नायना ती वाटच टाळायचे.

आषाढात दुसरं पत्र.
पलटण बोटीने मुंबईला उतरली, तिथून कुठल्याशा छावणीत.
रजा नाही.
आई, आम्हाला नवे कपडे दिले. हिरवे.

त्या दिवशी सारजाबाई दाराशी थांबल्या नाहीत,
ओट्यापर्यंत आल्या.
पाणी हिरवं जात होतं.
"मास्तर, नका हो रंगवू."
नायना तेलुगूत काहीतरी पुटपुटले,
मराठीत एवढंच, "माझ्या हातात आहे का, बाई?"
आणि हात तर समोरच,
ओले, कोपरापर्यंत हिरवे.

पुढच्या रात्रींचं मला माहीत नाही.
ऐकलंय ते असं, की दोन हौद कच्चे निघाले.
साहेबाने ओलं कापड रुमालावर घासलं,
रुमाल हिरवा झाला,
नायनांचा आठ दिवसांचा पगार कापला.
"रंग पक्का करायचं औषध कमी पडलं," ते आईला म्हणाले.
आईने पुढे विचारलं नाही.
त्या आठवड्यात आम्ही कण्या खाल्ल्या.

ऑगस्टात ते दोन बॉम्ब.
त्या गावांची नावं चाळीत कुणालाच नीट म्हणता येईनात.
"एका दमात गाव गेलं," पानवाला म्हणाला
आणि सुपारी कातरत राहिला.
हिरवं बंद. मग रात्रपाळी बंद.
मग तुझे नायना बंद, असं आई म्हणायची,
कारण दोन महिने ते ओट्यावर बसून
कोरडे हात उलटेपालटे करून बघत.

तुळशिराम आला दिवाळीनंतर.
सारजाबाई रडल्या नाहीत. शिव्या घातल्या,
वाळलास म्हणून.
नायनांनी त्याला जवळ बोलावलं,
हिरव्या सदऱ्याची बाही हातात घेतली,
अंगठा थुंकीने ओला करून घासला.
अंगठा कोरा.

"आपल्या गिरणीचं नव्हे," म्हणाले,
आणि कितीतरी वेळ
तो अंगठा धोतराला पुसत राहिले.