सिरीजचा दिवा

वेढे मीच मोजते, लग्न झाल्यापासून.
एकशे चाळीस. तांब्याची तार, केसाहून थोडी जाड.
मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही,
नाहीतर पुन्हा एकपासून.
कागद घालणं, दोरा बांधणं, वार्निश,
सगळं माझं.
बटण तेवढं यांचं.

"सरक," म्हणायचे, आणि मी सरकायची
थेट दाराशी, एक पाय रस्त्यावर.

आमची आई घरातला दिवा लावायची
कालथ्याच्या लाकडी दांड्यानं.
नऊ वर्षांची असताना टेबलफॅननं मला धरलं होतं.
धरलं, असंच म्हणतात आमच्याकडे, जणू तो माणूस आहे.
सोडवायला तिनं तोच दांडा हाणला मनगटावर.
खूण आहे अजून. शॉकची की आईची,
सांगता येत नाही.

माघात यांचा उजवा हात गेला.
म्हणजे आहे, मांडीवर ठेवलेला असतो.
चैत्र संपता संपता ग्वाल्हेर तापलं,
रात्री दहालाही भिंतीला पाठ टेकवेना,
आणि शिंद्यांच्या छावणीतल्या आमच्या दुकानात
कूलरच्या मोटारी येऊन पडल्या, पोत्यात, पिशवीत,
एक तर टॉवेलात गुंडाळलेली, तान्ह्या बाळासारखी.
"भाईसाहब नहीं हैं?"
"आते हैं, रखकर जाइए."

रात्री मी मोटारी भरायची.
सकाळी टेम्पोत घालून हजिऱ्याला, इरफानभाईंकडे.
ते बटण दाबायचे. वीस रुपये.
छप्पन्न मोटारींचे वीस वीस रुपये
मी मोजले, एका बोटाचे.

ज्येष्ठात एके दिवशी त्यांचं दुकान बंद, पुतणीचा निकाह.
आणि माझ्या दारात तोमरबाई,
कडेवर घामोळ्यांनी लाल झालेलं पोर.
"बस, चला के दिखा दो, दीदी."

गल्लीतल्या घरी गेले. हे झोपले होते.
लग्नातला पाट उचलला, आणि लाटणं.
दुकानात पाटावर उभी राहिले.
तोमरबाई लाटण्याकडे बघत होती.
मी तिच्याकडे बघितलं नाही.
दाराशी उभं राहून इतकं शिकले होते:
दिवा लख्ख लागला तर आत शॉर्ट,
मंद लागला तर काम बरोबर.
लाटण्याच्या टोकानं दाबलं.
मंद.
इतका मंद की दुपारच्या उजेडात
वाकून बघावा लागला.

मग सरळ लाइनीवर. मोटार फिरली,
पंखा बसवला, तर वारा उलटा!
आमच्या तोंडावर यायचा तो भिंतीकडे गेला,
कॅलेंडर फडफडलं, पोर खिदळलं.
टोकं चुकली होती माझी.
प्लग काढला, टोकं बदलली, पुन्हा जोडून दाबलं,
आणि आला वारा, पोराच्या कपाळावरचे केस उडाले,
तेव्हा कुठे दिसलं
लाटणं घरंगळून स्टुलाखाली गेलंय
आणि बटणावर माझं बोट आहे.
कापत होतं.
आजही कापतं, रोज, पहिल्या मोटारीला.

संध्याकाळी यांनी विचारलं, "इरफान काय म्हणाला?"
"बंद होतं दुकान."
"मग?"
मी लाटणं धुतलं, पोळ्या लाटायला बसले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग डाव्या हातानं खाटेखालून
आपल्या रबरी चपला ओढल्या, माझ्याकडे सरकवल्या.
"उद्यापासून या घाल. पाट आणून ठेव घरी."

दोन बोटं मोठ्या होतात.
चालताना फार वाजतात.