आठ तोंडांची पेटी

तळघरात भट्टीच्या शेजारी गार्लंडचे ड्रम्स.
गावातल्या निम्म्या लग्नांत वाजलेले, कडा बोथट.
पंचवीस वर्षांत तिथलं काही हललेलं नाही,
मूसच्या मांसाच्या बरण्यासुद्धा.

डॉर्मनने अल्बर्टातून अर्धं गाणं पाठवलं.
तेलाच्या कॅम्पवर वीस दिवस काम, आठ दिवस सुट्टी,
त्या आठांतलं.
खाली एक ओळ: बाबा, ड्रम्स तू वाजव.
पण प्रत्येक ड्रम वेगळा हवा.

वेगळा म्हणजे आठ माईक, आठ ट्रॅक,
आणि आमच्या घरच्या इंटरफेसला तोंडं दोनच.
"दोन तोंडांनी आठ घास कसे खायचे," गार्लंड म्हणाला
आणि पुढ्यातला कॉड थंड होईस्तोवर
जाहिराती वाचत बसला.

मी कागद गिरणीच्या कँटीनचे हिशेब लिहिते.
आकडा खोटं बोलायला लागला की मला वास येतो.
खोक्यावर ठळक: अठरा इनपुट.
मी खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाचली.
माईक घेणारी चार.
बाकी चौदांत माईक खोचा,
कुजबुजसुद्धा यायची नाही.
अठरा पाहुण्यांना आवतण आणि ताटं चार, मी म्हटलं.

तो हसला नाही. बोटं मोजत होता.
बास ड्रमला एक, स्नेअरला वरून एक, खालून एक,
तीन टॉमना तीन, डोक्यावर दोन.
डोक्यावरच्या दोघांना अठ्ठेचाळीस व्होल्ट पाजावे लागतात,
नाहीतर ते झोपूनच राहतात.
आणि हाय-हॅट?
"ते सगळीकडे ऐकू येतंच. तुझ्या बहिणीसारखं."

नव्या पेटीच्या किमतीत भट्टीचं अर्ध्या हिवाळ्याचं तेल.
हे मी बोलून दाखवलं नाही.
कागदावर लिहून फ्रीजला लावलं.

डीअर लेकच्या चर्चने त्यांची जुनी विकायला काढली होती.
आठ तोंडं, आठही खरी.
तिसऱ्याचं बटण फिरवलं की खरखर.
मागे प्रकाशाच्या तारेसाठी चौकोनी खिडकी,
पुढेमागे आणखी आठ जोडायची झाली तर.
"पुढेमागे," मी म्हटलं, आणि किल्ल्या मागून घेतल्या.
रस्त्यावर काळं बर्फ होतं. असल्या दिवशी गाडी मी चालवते.

प्रत्येक तोंडाखाली चिकटपट्टी, कुणाच्या तरी सुबक अक्षरात:
व्यासपीठ. ऑर्गन. बाप्तिस्मा.
गायकवृंद डावा. गायकवृंद उजवा.
उरलेल्या तिघांची शाई उडालेली.
गार्लंडने एकही पट्टी काढली नाही.
बास ड्रम व्यासपीठात गेला,
स्नेअरची खालची बाजू बाप्तिस्म्यात.

तीन रविवार तो भट्टी बंद करून वाजवत राहिला,
कारण तिची घरघर आठही ठिकाणी शिरायची.
वर मी कोट घालून बटाटे सोलत होते.
तिसऱ्या रविवारी विसरले.
जिन्यावरून हाक मारली, "गार्लंड, जेवायला!"
तो थांबला नाही,
आणि नेमका तोच टेक बरा निघाला.

गुरुवारी डॉर्मनचा फोन, स्पीकरवर.
"बाबा, उजव्या गायकवृंदात आई ओरडतेय. कापली मी."
बरं केलंस, मी म्हटलं. वेगळं वेगळं कशासाठी घेतलं मग.
"हो, पण तू ऑर्गनमध्येपण आहेस.
बाप्तिस्म्यात थोडी.
व्यासपीठात अगदी लांब, भिंतीपलीकडे असल्यासारखी.
सगळीकडून काढली तर ड्रम्सच जातात."

मग?
तिकडे कुणीतरी दार आपटलं, वारा आत आला.
"राहू दे," तो म्हणाला. "तिथे झांज जोरात आहे.
कुणाला कळणार नाही."

तेलाचा कागद अजून फ्रीजवर आहे.
त्याखाली गार्लंडने पेन्सिलने लिहिलंय:
हाय-हॅटला नववा माईक.
प्रकाशाची तार केवढ्याला?