पोटफोड्या ष

मी कोषाध्यक्ष. पोटफोड्या षचा कोष.
शहामृगातल्या शचा कोश बोरसे सर करतात.
बोलताना दोन्ही एकच ऐकू येतात,
म्हणून लोकांना वाटतं पैसेही एकच आहेत.

पारोळ्यात, बियाण्यांच्या दुकानावर
कठडा नसलेला जिना चढलं की
बोली अभ्यास मंडळ.
पाटीवरचा नोंदणी क्रमांक उन्हाने खाल्ला,
तो मला पाठ आहे.

आजीव सभासद एकशे त्रेचाळीस.
ब्याऐंशी साली एकशे एक रुपये, एकदाच, आयुष्यभराचे.
एकसष्ट जण वारले.
त्यांचे एकशे एक मुदत ठेवीत अजून जागे आहेत,
तिमाहीला व्याज आणून देतात.
त्यात अर्धं वीजबिल भागतं.
उरलेलं अर्धं जिवंतांकडून वसूल करायला
चार फोन लागतात.

तीस वर्षं मी जिनिंगमध्ये वह्या लिहिल्या.
कापूस आला किती, सरकी निघाली किती,
घट किती.
घट लिहायची लाज नसते, लपवायची असते,
हे तिथे शिकले.
इथे घट कशात धरू?
सुपडू अहिरे महिनाभर गावं फिरतो,
पिशवीभर कागद आणतो,
आणि बोरसे सर त्यातले चाळीस शब्द ठेवतात.

व्हाउचर सतरा:
एस.टी. भाडे जाऊन-येऊन. लोहाराला चहा, दोन कप, वीस रुपये.
कारण: भात्याच्या भागांची नावे सांगितली.
धुळ्याचे जाखेटे ऑडिटची फी घेत नाहीत,
पण वीस रुपयेही सोडत नाहीत.
"पावती?"
सुपडू म्हणाला,
"साहेब, त्यानी माले बिडी दिन्ही. पावती कशी मांगू?"
जाखेटेंनी चष्मा पुसला.
मी वीस रुपये उचंत खात्यात टाकले.
उचंत म्हणजे ना घरचं ना दारचं,
तिथे आता तीनशे साठ झालेत.

कोश 'ज'पर्यंत छापला आणि पैसे संपले.
'झ' बिस्किटांच्या डब्यात आहे, कार्डांवर.
आणि इमारत निधी आहे
तीन लाख दहा हजार.
देणाऱ्या शेठच्या पत्रात एकच ओळ,
फक्त इमारतीकरिता.
शेठ गेले. जागा मिळाली नाही. ओळ आहे.

वार्षिक सभेला एकवीस हवेत, आम्ही नऊ.
गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब,
घटनेत तसंच आहे:
अर्ध्या तासाने तेच नऊ पुरतात.
तेवढ्यात फुटाणे खाल्ले.
पंखा गरम हवा वाटत होता.

बोरसे सर फुटाण्याचं साल फुंकत म्हणाले,
"भदाणेबाई, कोश म्हणजे शब्दांची इमारतच की."
म्हटलं, "सर, जाखेटेंना रूपक चालत नाही."
सगळे हसले. सर नाही हसले.
त्यांचं वय एक्याऐंशी. अजून 'ह' यायचाय.

घरी येऊन चेकबुक काढलं होतं, खोटं कशाला बोलू.
दोन सह्या लागतात. सरांची आधीच होती,
कोऱ्या चेकवर, थरथरलेली,
कधी केली कोण जाणे.
पेनचं टोपण काढलं.
मग आडवी रेघ मारून रद्द लिहिलं,
आणि बराच वेळ जेवले नाही.

सकाळी शेठच्या मुलीला नंदुरबारला पत्र घातलं,
अट सैल कराल का, म्हणून.
पाच रुपयांचा स्टँप, टपाल खात्यात.
उत्तर नाही. दोन महिने झाले.

एकतीस मार्च. पत्र्याखाली मी, सुपडू, कीर्द.
विचारलं, "शिल्लकले काय म्हनतस रे तुम्हनाकडे?"
तो कार्डं पुसत होता.
"ज्याना घरमा उरस, तो सांगी."
मी हसले. त्याने मात्र ते कार्डावर लिहून घेतलं,
माझं नाव, गाव, तारीख घालून,
आणि विचारलं,
मला चहा द्यायचा तर व्हाउचर करू का?

अखेरची शिल्लक: चारशे अठ्ठ्याऐंशी.
अक्षरी लिहिताना ठ्ठ्याशी अडले.
सरांना फोन केला.
त्यांनी सांगितलं,
आणि फोन ठेवला नाही.