दहापैकी किती

हिरेमठ मॅडम विचारतात, "नोवु एष्टु? दहापैकी सांगा."
मी सात म्हणतो.
मागच्या खेपेला सहा म्हटलं
तर गोळ्या कमी केल्या होत्या.

बत्तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर काढली.
शाफ्टवरनं बोट फिरवून सांगायचो,
अजून दोन थाऊ काढ रे परशा,
आणि मायक्रोमीटर माझ्या मागनं येऊन तेच सांगायचा.
त्या बोटाला आता कंबरेत काही सापडत नाही.
फोटोतही नाही.
फोटो उजेडाला धरून परशा म्हणाला,
"मणके बरे आहेत की, जॉब पास!"
मीही हसलो.
मजगाव येईपर्यंत हसलेलंही दुखूलालं होतं.

त्या रात्री यल्लम्माकडे मागितलं,
एखादी चीर तरी दाखव.

सकाळी डोळे उघडायच्या आधी
मी तिथं जाऊन बघतो, उठलंय का.
बहुतेक माझ्या बघण्यानंच उठतं.

नातू धावत येतो
तेव्हा आधी हात आडवा होतो,
माया मागनं येते.
त्याला हे कळायला लागलंय.
हल्ली तो दारातच थांबतो, आणि चालत येतो.

"दुखूलालंय काय?" रेणू विचारते.
नाही म्हटलं तर खरं वाटत नाही तिला,
हो म्हटलं तर दोघांची आमटी निवते.
म्हणून मी खोकतो.

मंगळवारी शेजारचा इम्तियाज
पंपाचा गंजलेला स्पिंडल घेऊन आला.
पायरीवर बसलो. रॉकेल, चिंधी, बारीक कानस.
आटा कुठं खाल्लाय ते बोटाला लगेच लागलं.
नट बसला, फिरला, अडकला, पुन्हा फिरला.
मग आठवण झाली,
आणि आठवण झाली तशी कंबर आली,
उशीर झालेल्या पाहुण्यासारखी, जरा रागावलेली.
घड्याळात बघितलं. पाऊण तास.
ती गेली होती की मी गेलो होतो,
कोण जाणे.

आज मॅडमना सांगितलं.
सातच आहे. पण मंगळवारी पाऊण तास...
"शून्य?"
शून्य नाही हो. बघितलंच नाही तिकडं.

त्यांनी पेन थांबवलं. मग कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं.
मला बसच्या पाटीपुरतंच वाचता येतं,
पण आकडा ओळखला.
दहाच्या चौकटीत पंचेचाळीस.

मापाबाहेर गेलेला जॉब आम्ही बाजूला काढायचो.
मी काही बोललो नाही.