काना

पाचपावलीच्या पुलाखाली पाट्या रंगवणारा धनराज
'वाटस' एवढं लिहून थांबला.
"काना द्याचा का जी, बाई?
कागदावर त दोन्ही लिवून हाय."

दोन्ही लिहिलं होतं खरं.

आजोबा, लटारूजी, मिलच्या हजेरीबुकात
सत्तावीस वर्षं वाटसांगे,
बोनसच्या यादीत एकदा वाघसांगे,
त्या दिवाळीत अख्खी चाळ त्यांना बघून डरकाळी फोडायची.
बाबा रेशनकार्डावर वाटसंगे.
मी शाळेत नुसतीच 'वाट लावे'.
टेलिफोनच्या जाड्या पुस्तकात आम्ही एकटेच,
वाटाणे आणि वाटवे यांच्या मधोमध.
ते पान मी उगाच उघडून बघायची.
एका ओळीत सगळं कूळ
आणि शेजाऱ्यांकडचा पाच आकडी नंबर.

आता मी ढोमणे आहे, सव्वीस वर्षं झाली.
भाऊ तिकडे पुण्यात ऑफिसपुरता 'वाट सर'.
जे आडनाव माझं उरलं नाही त्याच्यासाठी
दोन दिवसांची रजा टाकून रामटेकला गेले.

अंबाळ्याच्या घाटावर गुरुजींनी विचारलं, गाव?
नागपूर, म्हटलं.
"त्याच्या आधीचं?"
त्याच्या आधीचं कुणाला माहीत होतं!
तरी तिसऱ्या वहीत सापडलं,
डोमा वल्द सुकरू, आईच्या अस्थी घेऊन आला, दक्षिणा चार आणे.
आईचं नाव नाही.
आडनावाच्या जागी मोडीची एक लपेट
आणि नेमकी तिथूनच कसर गेलेली,
काना होता की नव्हताच
ते त्या किड्याच्या पोटात.

"सांगे असेल," गुरुजी म्हणाले, "तर
वाट सांगितली असेल कुणीतरी कुणाला.
भोसल्यांच्या स्वारांना.
नाहीतर अंधारात टेकडी शोधणाऱ्या गोऱ्या पलटणीला."
मी विचारलं, कुणाला ते लिहिलंय का?
त्यांनी वही बांधली. "ते कोणी लिहून ठेवत नाही, ताई."

महिनाभर मी बर्डीवरून जाताना
किल्ल्याकडे बघायचं टाळलं.
बसमध्ये खिडकी सोडून या बाजूला बसायची.
दोनशे वर्षांपूर्वी कुणी तरी उचललेलं एक बोट
माझ्या हाताला असल्यासारखं वाटे.

मग कामठीला सगुणाबाई भेटली.
नात्याने ती माझी कोण लागते
ते आम्हां दोघींनाही जुळवता आलं नाही.
तंबाखू गालात सरकवून म्हणाली,
"सांगे नाही वो माय, संगे.
भुकेच्या साली मौद्याच्या रस्त्यावर एक पोट्टं
आपल्या लोकाइच्या गाडीसंगं चालत आलं.
कोणाचा हायेस त बोलेना. नाव पुसलं त रडे.
वाटेसंगं आलं म्हून वाटसंगे.
आपण त्या पोट्ट्याचे."

आणि गाडीतले लोक कोण होते?
"ते गेले ना पुढं."

परतताना मला रडू आलं नाही,
आला तो एक विचित्र हलकेपणा,
आणि लगेच त्याचीच लाज.
कारण निवड करता येत होती मला.
गुन्हेगाराची पणती व्हायचं, का सापडलेल्याची,
फरक एका उभ्या रेघेचा.

आईला विचारलं, पाटीवर काय लिहू?
ती वाळवणाच्या कुरड्या उलटत होती.
"मी परक्या घरून आलेली.
मला काना काय नि मात्रा काय.
तुझ्या बापाचं नाव नीट लिहून आण म्हणजे झालं."

"बाई," धनराज म्हणतो, "रंग वाळून राह्यला."

मी म्हटलं, स च्या पुढे थोडी जागा सोड,
एका रेघेपुरती. डोक्यावर टिंब दे. मग 'गे' लिही.

त्याने मान तिरकी करून बघितलं,
सोडली जागा, अंगठ्याने मोजून.
पाटी उन्हात टेकवली.
"पयसे मात्र पुरे घेईन," म्हणाला,
"सोडाले बी तेवढाच येळ लागते."